सहा सूत

बॉनेट उघडून प्रत्येक मेकॅनिक म्हणतो तेच मी म्हणालो,
"कोणी केलंय हे?"
म्हणजे आधीचा तो गाढव, अन् बिल वाढणार.
डोंगरदिवे सिस्टर हसल्या नाहीत.
पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिल्या.

एमएच बावीसची एट हंड्रेड. पांढरी होती म्हणे,
आता उतू गेलेल्या दुधाच्या डागासारखी.
दोन हजार एकला, बोरीच्या अलीकडं
रोही आडवा आला, त्याच्या अंगावर फुटलं नाक.
तेव्हापासून ती डावीकडं ओढते.

छिन्नीनं लांबी उडवली. बोटभर जाड.
लांबीखाली रंग, रंगाखाली गंज,
गंजावर तसंच वेल्डिंग,
भिंतीवर गोवऱ्या थापाव्या तसं, एकही थेंब आत मुरलेला नाही.
फ्रेमच्या पोटात आधाराला कोंबलेली सळई,
कुणाच्या तरी स्लॅबातून उरलेली,
अन् सळई वाजू नये म्हणून
घडी करून खुपसलेली लग्नपत्रिका.
वधूवरांची नावं तेलानं गिळली होती.
गणपती अजून ओळखू येत होता.

खलील उस्ताद नुसत्या डोळ्यानं मोजायचे.
मला तेवढं येत नाही.
मी चार ठिकाणी ओळंबा सोडला, फरशीवर खडूच्या फुल्या केल्या,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरपी दोरी धरली.
एक कर्ण. मग दुसरा.
सहा सुतांचा फरक.
पाऊण इंच. माझ्या अंगठ्याएवढा.
एवढा वाकडेपणा घेऊन बाई नोकरीभर
झरी, बोरी, जिंतूर करत राहिल्या;
टायर आतल्या अंगानं झिजले की टायर बदलत राहिल्या.

गॅरेजमागच्या लिंबाला साखळी बांधली.
त्याच्या बुंध्याला गाड्यांचे इतके वळ आहेत
की आता आम्ही तिथं जुनं टायर गुंडाळतो.
चेन पुली ओढायला लागलो.
लोखंड ऐकल्यासारखं करतं,
साखळी सोडली की हळूच माघारी जातं.
म्हणून सहा हवे तर सात ओढायचे
अन् रात्रभर ताणात ठेवायचं.
लाल करून वाकवलं तर लगेच ऐकतं,
पण मग त्याच्यात दम राहत नाही.
रात्री दोनदा उठून बॅटरी मारून बघितलं.
लिंब करकरत होता.

सकाळी बाई आल्या. चहा निम्मा झाल्यावर म्हणाल्या,
"त्या पोराला नावं ठेवू नका.
रात्री नवाला गाडी टाकली, पहाटं पाचाला उभी कर म्हणले मी.
बोरीला बाई अडली होती. पायाळू."
"मग?"
"मग काय. पोचले की.
ते पोरगं आता यष्टीत कंडक्टर हाय.
परवा माझंच तिकीट फाडलं त्यानं. ओळखलं नाही मला."

पुढचं काम मी न बोलता केलं.
गंज घासून चमक येईपर्यंत पत्रा नागडा केला,
नवी पट्टी कापली, थोडं थोडं वेल्ड करून
मध्ये थांबलो, थंड होऊ दिलं, पुन्हा दोरी लावली.
दोन्ही कर्ण सारखे.
माणसाला म्हणतात सुतासारखा सरळ झाला;
मी गाडीपुरतं बोलतो.

चौथ्या दिवशी बाई परत दारात.
"उजवीकडं ओढायलीय की हो!"

शेजारी बसलो. जिंतूर रोडला घेतली.
आणि बघतो तर डावा हात नुसता टेकलेला,
उजवा मात्र स्टिअरिंग खाली खेचून धरलेला,
मनगटाची शीर वर आलेली,
जसं दावणीचं जनावर धरून आहेत.
बाईंना ते माहीतच नव्हतं.

"सिस्टर, हात सोडा."
"काय?"
"एक मिनिट. सोडा हात."

समोर रस्ता मोकळा होता. त्यांनी बोटं उघडली,
एकेक, जड दार उघडावं तशी,
अन् दोन्ही तळवे छातीपाशी धरून बसल्या.
गाडी सरळ चालली.
एक पूल गेला. एक सोयाबीनचं रान गेलं.

मग समोरून टेम्पो आला
अन् त्यांनी पुन्हा उजवीकडं खेचून धरलं.

अकराशे बाकी आहेत. मी मागितले नाहीत अजून.